गेमला आडवी बाटली करता येते का?



आजचा विषय आम्ही शोधून काढलेला नाही, तुम्हीच दिलेला आहे. या पावसाळ्यात ग्रामसंघाच्या बैठकांमध्ये कर्जाचे हप्ते, शेळ्या, गिरणी हे विषय संपले की शेवटी एकच रडगाणं निघायचं. पोरगा मोबाइल सोडत नाही, गेम खेळतो, रात्री झोपत नाही, सकाळी शाळेला उठत नाही. एका बैठकीत एका मावशींनी सरळ विचारलं, "आडवी बाटली करून आपण दारूचं दुकान बंद करतो, मग या गेमला आडवी बाटली करता येत नाही का?" सगळ्या हसल्या. पण नंतर दोन गावांतून खरंच मागणी आली, की ग्रामसभेत ठराव करू, गेमवर बंदी घालू, ताई तुम्ही ठराव लिहून द्या. ठराव लिहायला कागद-पेन लागतं, ते आमच्याकडे आहे. पण ठराव करून काय होईल आणि काय होणार नाही, हे आधी बोलून घेऊ, म्हणून आजचं हे बोलणं.

ज्या पोरींनी हे मतदान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दारूचं परवाना असलेलं दुकान हवं की नको यासाठी आपल्या राज्यात बायांचं मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद कर. निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकानाला कुलूप लागतं. हे जमतं, कारण दुकानाला पत्ता असतो, मालक असतो, परवाना असतो आणि खाली ओढायला शटर असतं. गेमला यातलं काहीच आपल्या गावात नसतं. गेम बनवणारी कंपनी परदेशात, ज्या दुकानातून तो उतरवायचा ते मोबाइलमध्येच आणि खेळणारा पोरगा बांधावर, जिथे रेंज येते तिथे. कुलूप लावायचं कशाला?

तरी गेमवर बंदी घालता येते. आपल्या देशात घातलीही गेली आहे. ती घालायचा अधिकार मात्र ग्रामसभेला नाही, जिल्हाधिकाऱ्यांनाही नाही, तो दिल्लीला केंद्र सरकारकडे आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा म्हणून २००० सालचा एक कायदा आहे, त्याचं ६९-अ हे कलम. त्या कलमाखाली सरकार एखादं ॲप किंवा संकेतस्थळ देशभर बंद करायचा आदेश काढू शकतं. २९ जून २०२० ला ५९ चिनी ॲप बंद झाली, त्यात टिकटॉक होतं, हे तुम्हाला आठवत असेल. आपल्या कितीतरी बायांचे तारपा नाचाचे व्हिडिओ त्यात गेले. मग २ सप्टेंबर २०२० ला आणखी ११८ ॲप बंद केली, त्यात पब्जी होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये ५४ ॲप गेली, त्यात फ्री फायर होता. आपल्या घरातली पोरं जे दोन गेम सगळ्यात जास्त खेळत होती, त्या दोघांवर सरकारने बंदी घातलेली आहे. मग तुम्ही म्हणाल, पोरगा आज काय खेळतोय?

सांगतो. पब्जी बंद झाला तेव्हा ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच होता त्यांचा खेळ जवळजवळ दोन महिने चालूच राहिला. ३० ऑक्टोबर २०२० ला कंपनीने आपल्या देशापुरतं तो चालवणं थांबवलं, तेव्हा तो खरा बंद पडला. मग जुलै २०२१ मध्ये तोच खेळ, तीच बंदूक, तीच विमानातून उडी, पण नाव बदलून बीजीएमआय म्हणून परत आला. चिनी कंपनी बाजूला आणि कोरियाची कंपनी पुढे. जुलै २०२२ च्या अखेरीला तोही एका दिवसात मोबाइलच्या दुकानातून काढला गेला. मे २०२३ च्या शेवटी तो पुन्हा आला. फ्री फायरचं तर आणखी गमतीचं. फ्री फायर बंद झाला, पण त्याचाच भाऊ, फ्री फायर मॅक्स, दुकानात तसाच राहिला. पोरांनी एक काढला आणि दुसरा घातला. आपल्याकडे भट्टी बंद झाली की ओहोळाच्या पलीकडे दुसरी लागते, तसंच झालं हे.

तलासरीच्या बायांना तर बंदी आणि सीमा यांचं नातं काय असतं ते शिकवायला नको. पलीकडे गुजरातमध्ये १९६० पासून दारूबंदी आहे आणि अलीकडे आपल्याकडे नाही. अच्छाडच्या नाक्याजवळ राहणाऱ्या कुणालाही विचारा, या एका रेषेवर किती जणांची पोटं भरतात. आणि याच गुजरातने गेमवरही बंदी घालून पाहिली. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलीस आयुक्तांनी शहरात पब्जी खेळायलाच मनाई केली. काही दिवसांत खेळताना सापडलेल्या १० जणांना धरलं, त्यात कॉलेजची पोरंही होती. त्यांना जामीन लगेच मिळाला, पण पोलीस ठाण्यात नाव लागलं ते लागलंच. आता विचार करा. आपला पोरगा उंबरगावच्या कंपनीत कामाला जातो, सुट्टीत झाडाखाली बसून खेळतो आणि त्याला पोलीस घेऊन जातात. आपल्याला हवी होती ती हीच बंदी का? आम्हाला तरी नको. गेम बनवणारा, त्यावर पैसे कमावणारा बाजूलाच आणि धरला कोण, तर खेळणारा.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण बैठकीत हाच घोळ होतो. सरकारने पब्जी बंद केला तो आपल्या पोरांसाठी केला, असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाही. ६९-अ कलमात बंदीची कारणं लिहून दिलेली आहेत. देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांबाबतच्या गुन्ह्याला चिथावणी मिळू नये, एवढीच. पोराची झोप जाते, अभ्यास जातो, तो आईवर हात उगारतो, ही कारणं त्या यादीत नाहीतच. २०२० मध्ये गलवानला चीनच्या सीमेवर आपले जवान गेले, त्यानंतर या बंद्या सुरू झाल्या. आपली माहिती चीनकडे जाते, हे कारण सांगितलं गेलं. ते कारण खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. पण ते आईचं कारण नव्हे. म्हणूनच कंपनी बदलली, माहिती ठेवायची जागा बदलली, की तोच गेम परत येऊ शकतो. आणखी एक, या कलमाखालचे आदेश गुप्त ठेवायचा नियम आहे. २०२२ मध्ये बीजीएमआय दुकानातून गेला तेव्हाही आदेशाचा कागद लोकांसमोर आला नाही. दारूचं दुकान बंद होतं तेव्हा आपण मोजणी स्वतः उभ्या राहून बघतो. इथे कुणी, कशासाठी बंद केलं आणि कशामुळे परत सोडलं, हे आपल्याला कळतच नाही.

आईच्या कारणासाठी कुणी दाद मागितलीच नाही असंही नाही. २०१९ च्या सुरुवातीला आपल्या मुंबईच्या उच्च न्यायालयात ११ वर्षांच्या एका शाळकरी मुलाने आईमार्फत जनहित याचिका केली होती. पब्जीने मारामारी आणि दादागिरी शिकवली जाते, त्यावर बंदी घाला, आणि असे हिंसक खेळ तपासणारी एक समिती नेमा, असं त्याचं मागणं होतं. न्यायालयाने केंद्र सरकारला यात लक्ष घालायला सांगितलं. पुढच्या वर्षी बंदी आली, पण ती वेगळ्या कारणाने. त्या पोराच्या मागणीतला दुसरा भाग, तपासणाऱ्या समितीचा, आम्हाला बंदीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. आता त्याच्याकडेच येऊ.

सिनेमाचं कसं असतं? १९५२ चा कायदा आहे. त्याप्रमाणे सिनेमा लागण्याआधी सेन्सॉर बोर्डाची माणसं तो अख्खा बघतात आणि शिक्का देतात. यू म्हणजे सगळ्यांसाठी, ए म्हणजे फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी. मधला यूए. २०२३ मध्ये या यूएचे तीन भाग केले, ७ वर्षांवरचे, १३ वर्षांवरचे आणि १६ वर्षांवरचे. मोबाइलवर जे सिनेमे आणि मालिका येतात त्यांनाही २०२१ पासून असंच वय लिहावं लागतं. गेमचं काय? सिनेमासारखा अख्खा गेम बसून बघणारं आणि मग वयाचा शिक्का मारणारं सरकारी बोर्ड आपल्या देशात नाही.

तरी मोबाइलच्या दुकानात, म्हणजे प्ले स्टोअरवर, प्रत्येक गेमखाली आकडा दिसतो. ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+. तो कुठून येतो? गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो. रक्त दाखवलंय का, शिव्या आहेत का, उघडे अंग आहे का, दारू-सिगारेट आहे का, जुगार आहे का. त्याने दिलेल्या उत्तरांवरून यंत्र आपोआप वय काढतं. जगातल्या वयाचे शिक्के देणाऱ्या संस्था एकत्र येऊन ही पद्धत त्यांनी बसवली, तिचं नाव आयएआरसी. नंतर तपासणी होते, तक्रार आली तर वय बदलतं. पण पहिलं उत्तर बनवणाऱ्याचंच. म्हणजे दुधात पाणी किती ते दूधवाल्यानेच पाटीवर लिहायचं.

हे असं का, तर त्याला इतिहास आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये एका मारामारीच्या गेममध्ये मुंडकं तोडताना दाखवलं, आईबाप चिडले, त्यांच्या संसदेत चौकशी बसली. आता सरकार कायदा करणार असं दिसल्यावर १९९४ मध्ये गेमवाल्या कंपन्यांनी स्वतःच शिक्का देणारी संस्था काढली. युरोपातही तसंच, २००३ पासून. आम्हाला विचाराल तर शिक्का अजिबात नसण्यापेक्षा हा शिक्का बरा. पण तो काय मोजतो ते माहीत हवं. तो चित्रात काय दिसतं ते मोजतो. पोरगा किती तास खेळतो ते मोजत नाही. बंदूक मारली पण रक्त दिसलं नाही तर वय कमी लागू शकतं. बीजीएमआयमध्ये तर रक्ताचा रंग हिरवा करून दिला होता. घरी कोंबडी कापताना लहानपणापासून लाल रक्त बघणाऱ्या आपल्या पोराला हिरव्या रक्ताने काय फरक पडणार, कुणास ठाऊक! आणि खेळताना कानात हेडफोन घालून जो अनोळखी माणूस पलीकडून बोलतो, शिव्या देतो, नंबर मागतो, तो त्या वयाच्या आकड्यात धरलेला नसतो. त्यासाठी इंग्रजीत बारीक अक्षरात वेगळं लिहिलेलं असतं, "युजर्स इंटरॅक्ट". तसंच पैसे खर्च होऊ शकतात हेही तिथेच बारीक लिहिलेलं असतं, "इन-ॲप परचेसेस". शिकलेल्या सुनेला किंवा लेकीला एवढे दोन शब्द शोधायला सांगा. वयाच्या आकड्यापेक्षा ते जास्त उपयोगी आहेत.

सिनेमाच्या ए शिक्क्याला निदान दारावर तिकीट फाडणारा माणूस असायचा. यात्रेतल्या तंबूच्या टॉकीजमध्येसुद्धा तो लहान पोराला कान धरून बाहेर काढायचा. मोबाइलच्या दारावर कोण उभं आहे? तिथे उभं राहायचं काम कंपन्यांनी आणि सरकारने आईबापावर टाकलंय. १८ वर्षांखालच्या पोराने खेळायचं तर पालकांची परवानगी हवी, असं बीजीएमआयने परत येताना सांगितलं. पालकांचा नंबर टाकायचा, त्यावर ओटीपी येणार, तो घातला की परवानगी. लहानांना दिवसाला ३ तास, मोठ्यांना ६ तास. मुंबई-पुण्याच्या घरात, जिथे बापाचा फोन बापाच्या खिशात आणि पोराचा पोराच्या, तिथे हे चालत असेल. आपल्याकडे? घरात एक फोन. सकाळी सहाला बाप टेम्पोत बसून उंबरगावला किंवा आई डहाणूच्या फुग्याच्या कारखान्यात. फोन घरी राहिला तर पोराच्या हातात. ओटीपी येतो तो त्याच फोनवर. म्हणजे पोरगाच परवानगी मागतो आणि पोरगाच देतो. प्ले स्टोअरचं खातं काढलेलं असतं बापाच्या नावाने, त्याच्या जन्मतारखेवर, म्हणून दुकानाला वाटतं की समोर चाळीस वर्षांचा माणूस बसलाय.

आणि खरी अडचण तर याच्याही पुढची आहे. आपल्या कितीतरी बायांचा फोन चालवतो कोण? तोच पोरगा. बँकेचा मेसेज तोच वाचून दाखवतो, हप्ता तोच भरतो, लाडक्या बहिणीचे पैसे आले का ते तोच बघतो. घरातला शिकलेला तोच. आमच्याच एका गटातल्या बाईची गोष्ट. शेळ्यांसाठी घेतलेल्या कर्जातले पैसे खात्यात होते, बाजार लागला की शेळ्या आणायच्या. बाजाराच्या दिवशी बघते तर साडेसहा हजार कमी. तिला वाटलं बँकेने खाल्ले. दोन दिवस मजुरी बुडवून बँकेत गेली. तिथल्या माणसाने यादी काढून दिली. ऐंशी रुपये, एकशे साठ, परत ऐंशी, परत दोनशे चाळीस, महिनाभर. तेरा वर्षांच्या पोराने गेममध्ये हिरे, कपडे आणि बंदुकीचे रंग विकत घेतले होते. पीन चोरावा लागला नाही, तो कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवलेला होता, आणि तो कागद त्यानेच आईला लिहून दिलेला होता. पोर चोर नाही हो. त्याला विचारलं तर म्हणाला, "थोडे थोडेच घेतले." गटाने त्या बाईला हप्त्याला दोन महिने सवलत दिली, पण शेळ्या गेल्या त्या गेल्याच.

त्या बाईने नंतर आम्हाला विचारलं, की सरकारने पैशाच्या गेमवर बंदी घातली ना, मग माझे पैसे गेले कसे? हे समजून घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमचा नवा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ला राष्ट्रपतींची सही, इतक्या घाईने. त्यात ज्या खेळात पैसे लावून पैसे जिंकायची आशा असते तो खेळ, मग तो डोकं लावून खेळायचा असो की नशिबाचा, बंद. रमी, क्रिकेटच्या टीम लावायचा खेळ, सगळं यात आलं. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. त्याची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. कायदा झाल्याबरोबर ड्रीम ११ सारख्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि क्रिकेट संघाच्या सदऱ्यावरून तिचं नावही गेलं. पण पोराने जे हिरे घेतले, त्यात पैसे परत जिंकायची आशा नसते, ती नुसती खरेदी. म्हणून ती या बंदीत येत नाही. बाईच्या खात्यातून पैसे दोन्हीकडे सारखेच जातात, कायद्याला मात्र ते वेगळे दिसतात.

या कायद्यातली एक गोष्ट आम्हाला मनापासून पटली, ती तुम्ही नवऱ्याला आणि पोरांना मुद्दाम सांगा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला. राजकोटला झालं त्याच्या बरोबर उलट. आजही व्हॉट्सॲपवर लिंक येतात, पन्नास लावा पाचशे घ्या. कुणी त्यात पैसे घालवले असतील तर पोलीस पकडतील या भीतीने लपवून ठेवू नका. १९३० या नंबरवर लगेच फोन करा. फसवणुकीची तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता जास्त.

आता आपल्या ठरावाकडे येऊ. महाराष्ट्रातल्या दोन गावांनी गेल्या काही वर्षांत मोबाइलवर निर्णय घेतले. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यात बांशी गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदीच घातली. दुसरं गाव सांगली जिल्ह्यातलं, मोहित्यांचे वडगाव. तिथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास गावात टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा. आधी बायांच्या सभेत हे बोलून घेतलं, मग सुरू केलं.

आमच्या दोन गावांना बांशीसारखा ठराव हवा आहे. आमचं मत विचाराल तर आम्ही त्याच्या बाजूच्या नाही, आणि कारण पोरांचं नाही, पोरींचं आहे. मोबाइल बंद म्हटल्यावर पहिला कुणाच्या हातातून जाईल? पोरगा फोन घेऊन बांधावर जाईल, मित्राच्या फोनवर खेळेल. पोरीला मात्र घरातले म्हणतील, ग्रामसभेचाच ठराव आहे, ठेव तो. बारावीची पोरगी शिष्यवृत्तीचा अर्ज फोनवर भरते, आश्रमशाळेतून घरी आली की राहिलेला धडा त्यावर बघते, नर्सिंगच्या प्रवेशाची यादी त्यावरच येते. तिने गेम खेळलेला नसतो आणि बंदी तिच्यावर येते. दारूबंदीत तरी असं झालं नव्हतं, पिणाऱ्याचीच बाटली जायची.

वडगावसारखं वेळ ठरवणं आपल्याकडे जमेल का, यावर गटांत दोन मतं आहेत. एक काकी म्हणाल्या, आमच्या पाड्यावर एका टोकाचं घर दुसऱ्या टोकाला ऐकू येत नाही, भोंगा कुणासाठी वाजवायचा? बरोबर आहे. पाडे विखुरलेले, दिवाळीनंतर अर्धी घरं वीटभट्टीवर. दुसऱ्या एकीने विचारलं, फोन बंद करून पोरं करणार काय, मैदान कुठे आहे? हेही बरोबर. एक पोरगा आम्हाला म्हणाला होता, गेममध्ये निदान कुणीतरी मला लीडर म्हणतं. त्याच्यावर काय बोलावं ते आम्हाला सुचलं नाही.

मोठमोठी सरकारंही यात दमलेली आहेत. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये कायदा केला, १६ वर्षांखालच्यांना रात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद. पोरं आईबापाच्या नंबरवर खेळू लागली. २०२१ मध्ये त्यांनी तो कायदा मागे घ्यायचं ठरवलं. चीनने त्याच वर्षी उलटं केलं, १८ खालच्यांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणाच्या दिवशी रात्री ८ ते ९, बस. तिथे चेहरा दाखवून खेळ उघडायला लावतात. आपला चेहरा आणि आपली वेळ सरकारने एवढी मोजावी, हे आम्हाला तरी नको वाटतं. पण तिथेही आजी-आजोबांच्या नावाने खाती निघालीच. आजी सगळीकडे सारखीच.

म्हणून ठरावात काय लिहायचं, यावर आमची सूचना अशी. पोरांवरच्या बंदीचा ठराव नको. मागणीचा ठराव करू आणि तो जिल्ह्यामार्फत वर पाठवू. गेमच्या वयाचा शिक्का सिनेमासारखा माणसांनी बघून ठरवावा आणि तो मराठीत, ठळक दिसावा. खरेदी होते, अनोळखी माणूस बोलू शकतो, हे बारीक इंग्रजीत न लिहिता वर लिहावं. पालकांची परवानगी म्हणजे नुसता ओटीपी नव्हे, कारण आमच्या घरात एकच फोन आहे, हे आपल्या शब्दांत सांगावं. धोरण करणाऱ्यांच्या घरात चार फोन असतात, त्यांना हे सुचणारच नाही. गावापुरतं म्हणाल तर रात्री जेवणाच्या वेळेपासून फोन आईपाशी, असं ज्या पाड्याला जमेल त्याने आपसात ठरवावं, दंडाशिवाय.

तोवर फोनमध्ये करून ठेवायच्या गोष्टी आहेत. प्ले स्टोअर उघडलं की वर उजव्या कोपऱ्यात गोल चित्र असतं, ते दाबायचं. सेटिंग्ज, त्यात फॅमिली, त्यात पॅरेंटल कंट्रोल्स. ते चालू केलं की चार आकडी पीन विचारतं, मग गेमसाठी वय निवडायचं. त्या वयावरचा गेम मग त्या दुकानातून उतरत नाही. आधीच उतरवलेला गेम याने निघून जात नाही, तो हाताने काढावा लागतो. मित्राच्या फोनमधून घेतलेल्या गेमलाही हे लागू नाही. तिथेच खरेदीच्या वेळी दर वेळी पासवर्ड विचारण्याची सोय आहे, ती चालू करा. पैशाच्या ॲपमध्ये ऑटोपे म्हणून काही चालू आहे का ते बघा, आणि यूपीआय लाइट असेल तर त्यातून छोटी रक्कम पीन न विचारताच जाते, हे लक्षात ठेवा. पोराने खरेदी केलीच असेल तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरवरून पैसे परत मागता येतात, मिळतीलच असं नाही, पण मागायला पैसे पडत नाहीत. आणि गटाच्या कर्जाचे पैसे ज्या खात्यात येतात ते खातं फोनला जोडलेलंच नको, हे आम्ही आता प्रत्येक गटाला सांगतो.

राहिला तो पीन. ज्या बायांना आकडे ओळखता येतात पण पीन लक्षात राहत नाही, त्यांच्यासाठी येत्या महिन्याच्या बैठकीत अर्धा तास ठेवला आहे. फोन चार्ज करून आणा, पीन बदलायचा आहे, आणि तो स्वतःच्या बोटांनी टाकायचा सराव करायचा आहे. लेकी-सुना आल्या तर चांगलंच. पोरांनाही घेऊन या, कोणता गेम कसा चालतो ते त्यांनीच आपल्याला दाखवायचं आहे. कव्हरमधला कागद आठवणीने सोबत आणा.